मेथी टाकलेलं कापड

भावाचा फोन आला तेव्हा मी बेळगावात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. "निपाणीची आक्का गेली..." एवढंच म्हणाला. गठ्ठे तसेच टाकून बस धरली. संकेश्वर मागं पडल्यावर रुमालासाठी पिशवीत हात घातला, तर आक्कानं दिलेले कापडाचे दोन तुकडे हाताला लागले. तीन महिने तिथंच पडून होते.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. आयुष्यभर ताडपत्र्या शिवल्या. ते काम थांबल्यावर भंगारवाल्याकडून कारखान्यांचं टाकाऊ जाड कापड आणायला लागली. कारखान्यात माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा तुकडा न्हाणीपुढं पायपुसणं झाला. साखर कारखान्यातल्या गाळणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून तिनं परसातल्या भिंतीवर टांगल्या आणि त्यांत मेथी, कोथिंबीर, चाकवत लावला. आठवड्यातून एकदा जुड्या बांधून पुढच्या कट्ट्यावर ठेवायची. गल्लीतल्या कुणीही न्याव्यात.

मी कारखान्यांच्या कचऱ्याविरुद्ध काम करते. हे कापड काय काय गाळून आलेलं असतं, ते कुणी तपासत नाही, कुणी सांगत नाही, आणि ते सरळ माणसांच्या घरात शिरतं... याचा मला संताप यायचा, अजूनही येतो. त्याच संतापात पत्रक काढलं : 'कारखान्याचं विष तुमच्या परसात!' खाली फोटो आक्काच्या भिंतीचा. नाव दिलं नव्हतं. पण ती भिंत गल्लीत कोण ओळखणार नाही? त्या आठवड्यात जुड्या कट्ट्यावरच सुकल्या. पुढच्याही.

मला हे कळलं ते तिच्याकडे जेवायला गेले तेव्हा. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "पत्रक झ्याक झालंय गं. अक्षर मोठं हाय, बिगर चष्म्याचं वाचाय आलं."

"आक्का, ते तुझ्यावर नव्हतं."

"भिंत माझी, आन् माझ्यावर न्हाय व्हय? फोटो काढताना एकदा इचारायचं तरी."

मग तिनं परसात नेलं. पाटावर कापडाचे चार ओले तुकडे होते, प्रत्येकावर मेथीचे दाणे. तीन हिरवे झाले होते, चौथ्यावरचे दाणे काळे पडून कुजले होते. नवीन कापड आलं की आधी चार पाण्यांतून धुवायचं, मग त्यावर मेथी टाकायची. उगवली तर पिशव्या, नाही तर ते कापड सरपण झाकायला. वर्षानुवर्षं तिची हीच रीत होती, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मी हटून बसले. "मेथी उगवली म्हणजे कापड निर्धोक, असं होत नाही." हे मी आजही म्हणेन.

"मग तपासून आण की! नगं कोण म्हणतंय?" तिनं पिशवीच्या कापडाचे दोन तुकडे कापून दिले. "एक तुझ्या प्रयोगशाळंला, एक तुला. आन् जे निघंल ते असंच मोठ्या अक्षरात छाप."

हो म्हणाले. मग मोर्चा आला, निवेदनं आली, दुसरी पत्रकं आली. आक्का फोनवर एकदाच म्हणाली, "तुझी प्रयोगशाळा लई लांब हाय वाटतं." मी हसले... तिला हसू आलं नव्हतं, हे आता कळतं. शेवटपर्यंत तिनं जुड्या ठेवणं सोडलं नाही, असं शेजारच्या काकूंनी दिवसकार्याच्या वेळी सांगितलं. संध्याकाळी उरलेल्या जुड्या तशाच आत न्यायची.

एक तुकडा आता तपासायला दिलाय. निकाल आलेला नाही. तो काहीही आला तरी गल्लीत घरोघर मीच नेऊन देणार आहे, मोठ्या अक्षरात. पण तिच्या भिंतीचा फोटो न विचारता छापला, न तपासता विष म्हटलं, ही चूक माझी. ती कबूल करायला कुठल्या निकालाची वाट बघायची नव्हती. तीन महिने बघितली.

दुसरा तुकडा चार पाण्यांतून धुऊन माझ्या खिडकीत ताटलीवर पसरलाय. परवा त्यावर मेथी टाकली. आज दाणे फुगलेत, अजून फुटले नाहीत. थांबलेय.