देवाला दम देणाऱ्या विहीणबाई

देवाला दम देऊन कामं करून घेणारी बाई अख्ख्या सोलापुरात एकच होती, आणि माझं नशीब असं की ती नेमकी माझी विहीण झाली. आमचंही घर पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारं. मी सरकारी कचेरीत जन्म काढलेला, त्यामुळे माझी प्रार्थना कशी रीतसर असते: आधी स्तुती, मग आभार, मग विनंती, आणि शेवटी आपली नम्र. विहीणबाईंकडे हे असलं काही नव्हतं. त्या पदर डोक्यावर ओढायच्या, डोळे मिटायच्या आणि थेट सुरू व्हायच्या, "अरे बापा, मागल्या हप्त्यात तुला सांगितलं व्हतं की! इसरलास व्हय? आता परत सांगायला लावू नगंस." आणि ज्या देवानं माझे अर्ज वर्षानुवर्षं तसेच ठेवून दिले, तो यांचं काम आठ दिवसांत करून मोकळा व्हायचा. हे मी श्रद्धेनं सांगत नाहीये, जळून सांगतेय. त्यांना जाऊन आता काही महिने झाले, पण माझं जळणं अजून थांबलेलं नाही.

त्यांचं बालपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. गाडीच्या शिट्टीवर आवाज चढवून बोलायची लहानपणची सवय त्यांना सोलापुरात संसार थाटल्यावरही सुटली नाही. चर्चमध्ये गीत सुरू झालं की त्या पेटीवाल्याच्या अर्धी ओळ पुढे असायच्या आणि तो बिचारा घामाघूम होऊन मागे धावायचा. मी गायनाच्या परीक्षा दिलेली बाई. माझा सूर कधी ढळला नाही. पण उपासना संपली की लोक जाऊन कुणाचे हात धरायचे? त्यांचे. "काय गाता हो, अंगावर काटा येतो." काटा माझ्याही अंगावर यायचा, पण त्याचं कारण वेगळं होतं. एकदा आम्ही दोघी रिक्षातून येत होतो, तर सात रस्ता चौकाच्या अलीकडे रिक्षा बंद पडली. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "अम्मा, अब नै चलती ये, दुसरी देखो." विहीणबाई खाली उतरल्या, भर उन्हात रिक्षाच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बापा, ह्याची पोरं घरी वाट बगत असतील. लवकर चालू कर, लई ऊन हाय." त्यानं दांडा ओढला आणि रिक्षा चालू झाली! त्या माणसानं आम्हाला घरापर्यंत सोडलं, पैसे घ्यायला तयार होईना, वर "कल बी मेरेच रिक्षा में बैठना अम्मा" असं बजावून गेला. आता खरं सांगायचं तर मागच्या सीटवर बसून मीही मनात प्रार्थना करतच होते. पण माझं नाव त्यात कुणी घेतलं नाही.

त्यांना माणसांचं वावडं नव्हतं. दुपारी जेवून जरा आडवं झालं की ते कर्ज हवंय का विचारणारे फोन येतात ना, ते मलाही येतात. मी "नको" म्हणायच्या आधी पलीकडची मुलगीच फोन ठेवते, इतका माझा आवाज आपुलकीचा आहे. विहीणबाईंना असाच फोन आला तर त्या म्हणाल्या, "जय ख्रिस्त! जेवलीस का गं?" पुढची पंधरा-वीस मिनिटं कर्जाचा विषयच निघाला नाही. मुलगी मोहोळकडची, पुण्यात नोकरीला, राहायला सहाजणींत एक खोली, आणि साहेब खडूस. विहीणबाईंनी तिला फोनवरच डोळे मिटायला लावले आणि तिच्या साहेबाची देवाकडे अशी काही चुगली केली की ती हसायला लागली आणि मग रडायलाच लागली. पुढे ती दर शनिवारी फोन करायची. मी एकदा समोर असताना तिचा फोन आला, तर विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "घ्या, तुमीबी बोला की." मी बोलले. काय बोलावं सुचेना, म्हणून कर्जाचा व्याजदर विचारला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात बाकीचे लोक मटण सोडतात, कुणी चहा सोडतं. विहीणबाईंनी एका वर्षी नवऱ्यावर ओरडणं सोडलं. आठवडा झाला तसे व्याही आमच्या दारात हजर. चेहरा उतरलेला. "जरा चला की घरी. ती मला कायच बोलत न्हाय. काल मी दूध उतू घालवलं तरी गप बसली. काय दुखणं बिखणं असंल का?" त्यांना बसवून समजावून सांगितलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मग ईस्टरपातूर असंच का?" आणि मोठा सुस्कारा सोडला. मी माझ्या नवऱ्यावर एवढी वर्षं ओरडले, ते गेले त्या दिवसापर्यंत ओरडले, पण मी गप्प बसल्यावर ते असे कासावीस झाल्याचं मला आठवत नाही. आणि माझ्या गुडघ्याचं तर विचारूच नका. लोकांदेखत, चर्चच्या पायरीवर, त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावून प्रार्थना केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांनी गुडघा दुखायचा थांबला. मी पुढे महिनाभर मुद्दाम लंगडत होते.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एकच, माझा मुलगा. एकुलता एक. लग्नाआधी बाहेर पडताना तो "मम्मी, येतो" म्हणायचा आणि मी आतून "सांभाळून जा" म्हणायची, एवढाच आमचा रिवाज. लग्न झालं आणि हा सासूला "आई" म्हणायला लागला. मी मम्मी, त्या आई. तेही मी चालवून घेतलं. मग एके दिवशी सूनबाई सहज बोलून गेली, "आज ह्यांची मोठी मीटिंग होती ना, आईकडून प्रार्थना करून घेऊन गेले." मी तिथंच समोर मेथी निवडत बसले होते. चौकशी केल्यावर कळलं की हे आजचं नाही. ऑफिसात काही महत्त्वाचं असलं, तब्येतीची तपासणी असली, नवी गाडी आणायची असली की हा वाकडी वाट करून सासरी थांबतो, स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसतो, त्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून देवाला दोन शब्द सुनावतात, मग हा पुढे जातो. पुढच्या वेळी तो पुण्याला बदलीच्या कामासाठी निघाला, तेव्हा मी सकाळी लवकर आंघोळ करून दारातच उभी राहिले. म्हटलं, "थांब, प्रार्थना करू." तो थांबला. मी स्तुतीपासून सुरुवात केली. आभारापर्यंत पोचायच्या आत तो घड्याळ बघत म्हणाला, "मम्मी, गाडी सुटेल, तू मनात कर ना." गाडी सुटली नाही. सासरी थांबूनही सुटली नाही. तिथे प्रार्थना झाली आणि वर लाडूही मिळाला.

मी त्याच दुपारी तडक त्यांच्या घरी गेले. आज काय ते तोंडावर बोलायचंच, असं ठरवून गेले. त्या चुलीवर शेंगदाणे भाजत होत्या. मी उभ्या उभ्या म्हटलं, "विहीणबाई, त्याला आई आहे." त्यांनी मान वर केली, जराही न दुखावता म्हणाल्या, "व्हय की! न्हाय कोण म्हणतंय? लई चांगली आई हाय. तुमी मनात करता, मी तोंडानं करते. देवाला कान दोन हायेत, विहीणबाई." आणि उलथन्यानं गरम शेंगदाणे माझ्या ओंजळीत घातले. हाताला चटके बसत असताना माणूस भांडणार कसा? भांडायला गेलेली मी शेंगदाणे खात घरी आले, आणि वाईट म्हणजे ते फार छान भाजलेले होते.

मग त्यांना पोटाचं दुखणं लागलं आणि ते हटेना. दवाखान्यातही वॉर्डातल्या आया कामं टाकून त्यांच्या खाटेशी उभ्या असायच्या. शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा आवाज पार खोल गेला होता, पण दम देणं चालूच होतं. "बापा, मला न्यायचं तर ने, मी कुटं न्हाय म्हणते. पण आदी ह्या समोरच्या बाईला घरी सोड, तिची लेकरं बारीक हायेत." समोरच्या खाटेवरची बाई शुक्रवारी घरी गेली. विहीणबाई रविवारी गेल्या, तेही सकाळी उपासनेच्या वेळेला. मेल्या त्यासुद्धा काय मुहूर्त साधून!

दफनाला एवढी माणसं आली की दफनभूमीच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभी होती. रिक्षावाले आले, भाजीवाल्या आल्या, शेजारच्या तेलुगू विणकरांच्या बायका "अम्मा, अम्मा" करत आल्या. अक्कलकोटहून आलेली कुणी एक कानडी बोलणारी बाई तर अशी रडत होती की पोटची मुलगी, म्हणजे आमची सून, रडायची थांबून तिलाच पाणी देत होती. चर्चच्या पाळकांनी "कुणाला चार शब्द बोलायचे आहेत का?" असं विचारण्याची चूक केली. मग जो तो पुढे येऊन एकच सांगू लागला, की माझ्यासाठी त्या रोज प्रार्थना करायच्या. ऊन उतरलं तरी माणसं संपेनात. मी काळ्या छत्रीखाली उभी राहून आपल्या अंत्यविधीला किती येतील याचा अंदाज बांधत होते. कचेरीतले दोघे-तिघे येतील, तेही रविवार असला तर. शवपेटीला खांदा देऊन आलेला माझा मुलगा शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. तो माझ्यासाठी असा रडेल का, हेही मी तिथंच उभ्या उभ्या मनात आणलं. मयताला येऊन असा विचार कुणी करतं का? मी केला.

परवा त्याची बढतीची मुलाखत होती. सूनबाईनं मुकाट्यानं डबा भरला, तो "मम्मी, येतो" म्हणाला, मी "सांभाळून जा" म्हटलं. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गेटपाशी जाऊन ती बंद पडली. मी खिडकीतून पाहिलं तर गाडी बंद पडली नव्हती, त्यानं बंद केली होती. डावीकडे वळलं की त्याचं ऑफिस, उजवीकडे वळलं की सासर. तो हँडल धरून नुसता उभा होता. मग जिना चढून वर आला, हेल्मेट जमिनीवर ठेवलं, माझ्या खुर्चीसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि मान खाली घातली.

ज्यासाठी मी इतकी वर्षं जळले ते माझ्या पुढ्यात येऊन बसलं होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळूवर केस नव्हतेच. मऊ, उघडी कातडी हाताला लागली, चांगली तळहाताएवढी. माझ्यापेक्षा हातभर उंच झालेला मुलगा, मी वरून कधी पाहिलंच नव्हतं, आणि तान्हेपणानंतर त्याच्या टाळूला हातही लावला नव्हता. माझ्या मुलाला टक्कल पडत चाललंय, हे मला ठाऊक नव्हतं. विहीणबाईंना ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

मी "बापा" म्हटलं. पुढे स्तुती आठवेना, आभार आठवेनात, काहीच आठवेना. त्याला उशीर होत होता, पण त्यानं घड्याळ पाहिलं नाही. तो तसाच मान खाली घालून बसून राहिला, आणि मी हात उचलला नाही.