सुटलेली नावे आणि रत्नमालाताई

रत्नमालाताईंची आणि माझी पहिली भेट सहा वर्षांपूर्वी शहापूरला, आमच्या संस्थेत झाली. क्षयरुग्णांच्या नोंदींचा संगणक विभाग त्या सांभाळत. मी मुरबाडहून मुलाखतीला गेलो होतो. माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवून त्यांनी मला पायथॉन या संगणकभाषेत एक छोटा लूप, म्हणजे एकच काम प्रत्येक नोंदीवर पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहायला सांगितला. साठवलेल्या माहितीतली एकेक नोंद त्यात ‘ऑब्जेक्ट’ होऊन समोर येते आणि त्याला काहीतरी नाव द्यावे लागते. त्या ऑब्जेक्टला मी ‘एक्स’ म्हटले होते. हा एक्स कोण, असे ताईंनी विचारले. मी ते खोडून ‘रुग्ण’ लिहिले. नोकरी मिळाली.

ताई मूळच्या आटगावच्या. मुंबईत वीस वर्षे प्रोग्रॅमिंग केल्यावर, धाकटे बंधू क्षयाने गेले तेव्हा त्या इकडे आल्या. हे मला त्यांच्या वहिनींकडून कळले; ताई स्वतः कधी बोलल्या नाहीत.

ताईंच्या साठीनिमित्तच्या या अंकात त्यांच्या कामाविषयी इतर जण लिहितीलच. मी माझ्या चुकीविषयी लिहितो.

गोळ्या थांबलेल्या ज्या रुग्णांना घरी जाऊन भेटायचे, त्यांची यादी माझा प्रोग्रॅम काढत असे. तो शंभर-शंभर नोंदी घेई. यादीत गेलेल्या नोंदीवर खूण होई आणि ती ‘बाकी’तून निघून जाई. मागच्या नोंदी मग पुढे सरकून पहिल्या शंभरांत येत, आणि मी मात्र पहिले शंभर वगळून त्यापुढचे शंभर मागत होतो. प्रत्येक फेरीत शंभर माणसे सुटत होती. प्रोग्रॅम कुठेही अडला नाही, म्हणून दोन महिने कुणाला कळले नाही.

कळले ते उंबरमाळीजवळच्या एका पाड्यावरचा रुग्ण दगावल्यावर. ताईंनी सर्व नोंदी हाताने तपासल्या, चूक शोधली आणि मला सोबत घेऊन त्या पाड्यावर गेल्या. त्या माणसाची बायको ओटीवर भात पाखडत होती. तिने हात थांबवला नाही.

“गोळ्या सपल्या तवा वाट बगितली,” ती म्हणाली. “कुनी आला नाय.”

ताई खाली जमिनीवर बसल्या. “चूक आमची हाय, बाय. यादीत तुझ्या मानसाचा नावच आमी घेतला नाय.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. संस्थेच्या बैठकीतही, “प्रोग्रॅम तपासून मान्य करणारी मी,” एवढेच त्यांनी सांगितले आणि विभागप्रमुखपद सोडले.

मी राजीनामा लिहून नेला. तो वाचून त्या म्हणाल्या, “तू गेलास तर इथे हे पुन्हा होईल. बस, आणि सुटलेल्यांची यादी कर.” सहकारी माझ्याशी बोलेनासे झाले होते. त्या दिवसांत ताई दुपारी डबा घेऊन माझ्या टेबलाशी येत आणि तिथेच जेवत. सुटलेल्यांपैकी आणखी दोघे आम्हाला जिवंत भेटले नाहीत.

ताई त्या पाड्यावर अजून जातात; मी त्यांच्या मागून जातो. ती बाई त्यांना पाणी देते, बोलत नाही. ताई पाणी पिऊन परत येतात.

त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघ्यांना तो चढ झेपत राहो. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे: त्या घरी एकट्याने जायचे धैर्य मला अजून आलेले नाही.