अर्ध्या मार्काच्या टीचर

"नाय माहीत" हे दोन शब्द आमच्या टीचर इतक्या ऐटीत म्हणायच्या, की समोरच्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. भुईगावच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'अर्धा मार्क'. कारण त्यांच्या पेपरात चुकीच्या उत्तराला भोपळा मिळे; पण "माहीत नाही, अमुक करून शोधीन" असं लिहिलं, की अर्धा मार्क!

मी फुलपाड्याहून येणारी कॉम्प्युटरची बाई. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना छेडलं, "टीचर, अज्ञानाला मार्क?"

"अज्ञानाला नाय गो बाय, कबुलीला. तुझ्या यंत्राला सगळं सांगता येतं, पण 'माहीत नाही' म्हणायला जड जातं. मग ते आपल्या पोरांना तरी यायला नको?"

पोरं काय कमी बिलंदर! एका कार्टीने अख्ख्या पेपरात "माहीत नाही, फोनवर बघेन" एवढंच लिहून काढलं. टीचरांनी तिला सरसकट भोपळे दिले. "फोनवर काय बघशील? ते खरं कशावरून? वाट लिही, वाट!" स्वतःला काही अडलं, की त्या तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाला पुसू देत नसत. 'विंचवाला स्वतःचं विष बाधतं का?' हा प्रश्न तिथे दिवाळीपासून नाताळापर्यंत ठाण मांडून होता. शेवटी शिपाईमामाही त्यावर मत देऊ लागले.

मग ती पालकसभा झाली. नव्या इमारतींतले एक गृहस्थ तावातावाने उठले. "फोन क्षणात सगळं सांगतो, आणि तुम्ही मुलांना 'माहीत नाही' म्हणायला शिकवता? उद्या यांना नोकरी कोण देणार? बंद करा हे अर्धे मार्क!"

टीचर म्हणाल्या, "विचारा तुमच्या फोनला, आमच्या वाडीतल्या विहिरी मे महिन्यात मचूळ का होतात."

फोनने घडाघडा सांगितलं, पाण्याचा उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. आम्हाला वाटलं, आता टीचर चूक काढणार. कसलं काय!

"एकदम बरोबर," त्या म्हणाल्या. "पण बरोबर आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच म्हणालात ना!"

"आणि मी थाप मारली असली तर?"

गृहस्थ घुटमळले. "मग... माहीत नाही बुवा."

"घ्या, अर्धा मार्क!" सभा खो खो हसली. ते गृहस्थही हसले.

हसले सगळे, पण अर्धा मार्क काही वाचला नाही. मार्कशीटवर असले लाड नकोत, असं संस्थेने ठरवलं. माझा नुसता संताप झाला. टीचरांनी तर त्या दिवशी डबाही उघडला नाही. निवृत्तीच्या दिवशी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय, तुझ्या विषयाचे मार्क कोणी धरत नाय. तिथे चालव."

चालवलं. आज माझ्या तासाला पोरं यंत्राला प्रश्न विचारतात आणि त्याच्या उत्तराखाली स्वतःच्या हाताने लिहितात, यातलं काय आपल्याला माहीत नाही आणि ते कुठे जाऊन तपासणार. कोणी पालक कुरकुरले, तर मी त्यांना चहा पाजते आणि विहिरीची गोष्ट सांगते.

यंदा नाताळात टीचरांकडे गेले. सूनबाई दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "हल्ली आईंना आठवत नाही. ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका."

टीचर ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "टीचर, मी कोण?" दुसरं कोणी असतं तर "हो हो, ये ये" करून वेळ मारून नेली असती. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"नाय माहीत," त्या म्हणाल्या. ऐट तीच. मग त्यांनी माझा हात धरला. "बस. बोलत राहा. आवाजावरून शोधते."

"अर्धा मार्क, टीचर," मी कशीबशी म्हणाले.

त्या चमकल्या. "अजून देतात?"

"मी देते."

त्या खुदकन हसल्या. हात काही सोडला नाही. "मग बोल, बोल. पुरा घेतल्याशिवाय मी तुला सोडायची नाय."