उलट्या सोंडेचा हत्ती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हा भाग गाळूनच पुढे जाते. तुमच्याशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे सगळे मला चांगली बाई समजतात — काटकसरी, हुशार, नेटका संसार करणारी मंदा. हल्ली कुणी असं म्हटलं की मी विषय बदलते.

काटकसर हा आपला गुण आहे असं मीच धरून चालले होते. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवायच्या, एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात आहेर म्हणून द्यायची, भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय हलायचं नाही. नवरा सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होता, पगार बरा होता. म्हणजे गरजेपोटी केलं असं म्हणायचीही मला सोय नाही. आम्ही काही उपाशी मरत नव्हतो. मग काय होतं? वाचवलं की मला बरं वाटायचं, बस. दुसऱ्याचं वाचवलं तर जरा जास्तच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या बाजूचं ते मोठं पार्क बघायला जायचं तेव्हा आमच्या कॉलनीला वेडच लागलं होतं — उंच पाळणे, उलटीपालटी होणारी गाडी, भुतांची गुहा. शेजारचे सगळे जाऊन आले. माझी मुलगी पल्लवी रोज जेवताना तेच लावून धरायची. शेवटी मे महिन्यात आम्ही व्हॅन ठरवली.

सोनालीही बरोबर होती. सोनाली म्हणजे माझी पुतणी, थोरल्या दिरांची मुलगी. दिरांना आम्ही सगळे दादा म्हणतो. पिंपळगाव बसवंतपासून आत त्यांचा मळा, भाजीचा आणि फुलांचा. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. सोनाली पहिल्या नंबरानं सातवी पास झाली होती आणि जूनपासून आमच्याकडे राहून नाशिकच्या शाळेत आठवीला जाणार होती. तसं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे — दादांनी विचारलं, नवऱ्यानं हो म्हटलं आणि मी हसून मान हलवली. मनातून मला ते नको होतं. दोन खोल्यांत आणखी एक अंथरूण, आणखी एक ताट. पण नाही म्हणून वाईट कोण होणार?

निघायच्या आदल्या दिवशी दादा तिला सोडायला आले. पिशवीभर वांगी आणली, पल्लवीसाठी मोगऱ्याचा गजरा आणला आणि सोनालीच्या तिकिटाचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी दोनदा नको म्हटलं, म्हणायची पद्धत असते म्हणून. मग पर्समध्ये टाकले.

अजून मूळ गोष्टीवर आलेच नाही ना मी? येते.

कसारा घाटात सोनालीला गाडी लागली. पार्कच्या दारात पोचलो तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, पण डोळे पाळण्यावर खिळले होते. मी नवऱ्याला म्हटलं, तिला व्हॅनमध्ये जरा पडू दे, दुपारी तिचं तिकीट काढू. तिला म्हटलं, डबे सांभाळ, जेवणानंतर तुला नेते. नवऱ्याला खरं वाटलं. तिलाही वाटलं. आम्ही तिघं आत गेलो आणि भर उन्हाची पोर चार तास बंद गाडीत बसली. मी त्या वेळात दोनदा पाळण्यात बसले.

आत खाणं महाग आणि घरचं आत नेता येत नव्हतं. त्यामुळे दुपारी लोक पार्किंगमध्ये येऊन आपापले डबे उघडायचे. बाहेर पडताना हाताच्या पालथ्या बाजूला निळा शिक्का मारत — सोंड वर केलेला हत्ती. तो दाखवला की परत आत सोडत. या शिक्क्याची युक्ती मला शेजारणीनं भिशीच्या दिवशी हसत हसत सांगितली होती. दुसऱ्याचा हात थुंकीनं ओला करायचा आणि आपल्या हातावरचा शिक्का त्यावर दाबून धरायचा. उमटतो.

पुऱ्या-बटाट्याची भाजी खाऊन झाली. नवरा झाडाखाली सतरंजीवर आडवा झाला. मी दोन्ही मुलींना व्हॅनच्या मागे नेलं. बोट तोंडात घातलं, ओलं केलं आणि ती थुंकी सोनालीच्या हातावर चोळली. तेरा वर्षांची मुलगी — तिला किळस आली असणार की नाही? तिनं हात मागे घेतला नाही. काकू करते आहे म्हणजे बरोबरच असेल, असं तिला वाटलं असेल. मी माझा हात तिच्या हातावर दाबला. हत्ती उमटला, छान उमटला. फक्त त्याची सोंड दुसऱ्या बाजूला गेली होती.

मला ते दिसलं. हे नीट ऐका — मला ते दिसलं होतं. मी मनात म्हटलं, एवढं कोण बघतंय? आणि तरीही तिला एकटीला पुढे पाठवलं. मी आणि पल्लवी पाच-सहा माणसं सोडून मागे राहिलो. सापडलीच तर आपण जवळ नको, म्हणून. इतका विचार केला होता मी.

दारावरच्या माणसानं हात बघितला आणि आधी तो हसलाच. "ये हाथी उल्टा है," म्हणाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग त्यानं आवाज चढवून विचारलं, "किसके साथ है?" सोनालीनं वळून माझ्याकडे बघितलं. ती घाबरलेली नव्हती. आता मोठं माणूस बोलेल, एवढाच विश्वास होता तिच्या तोंडावर.

आणि मी बोलले. पुढे झाले, तिच्या खाडकन थोबाडीत दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "तिकिटाचे पैसे दिले होते ना तुला? काय केलंस त्याचं? हेच शिकवलंय का आईबापांनी?" त्या माणसाला म्हटलं, गावाकडची पोर आहे भाऊ, जाऊ द्या, मी बघते तिच्याकडे. पल्लवी माझा पदर धरून उभी होती. तिनं व्हॅनमागचं सगळं पाहिलं होतं.

सोनालीला परत गाडीत बसवलं, शिक्षा म्हणून. नवऱ्याला उठवून तीच गोष्ट सांगितली. तोही तिच्यावर ओरडला. मग आम्ही तिघं आत गेलो आणि संध्याकाळपर्यंत मजा केली. हो, मजा केली. निघताना आतल्या फोटोवाल्याकडून तिघांचा हसरा फोटो फ्रेम करून घेतला. पैसे दादांनी दिलेलेच होते. तो फोटो कित्येक वर्षं आमच्या शोकेसमध्ये होता आणि सोनाली आली की फडक्यानं तो पुसायची. सांगतानासुद्धा शिसारी येते मला माझी.

दादांना सांगायची काही गरज होती का? नव्हती. पण पल्लवी कुठे बोलून बसली तर? म्हणून सोनालीला मळ्यावर सोडायला गेलो तेव्हा मीच आधी सांगितलं. दादा सरळ माणूस. त्यांनी पोरीला एवढंच विचारलं, "खरं हाय का हे?" सोनाली माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं मान खाली घातली. ती का बोलली नाही, हे मला फार उशिरा कळलं. जूनपासून तिला माझ्या घरात राहायचं होतं. काकूला खोटं पाडून काकूच्या घरी कसं राहणार? शाळा मिळावी म्हणून ती गप्प बसली. आणि दादांनी तिथंच सांगून टाकलं, "मग नाय पाठवायची हिला. हितं असं, तर तिथं काय दिवे लावील? लय झाली शाळा." माझ्यापुढे त्यांनी हात जोडले. पोरीच्या वतीनं माफी मागितली माझी.

मला तेव्हा काय वाटलं, सांगू? सुटले, असं वाटलं. एक ताट वाचलं.

सोनाली मळ्यात राहिली. अठरा पुरी झाली आणि तिला लासलगावकडे दिली. वाईट चाललेलं नाही तिचं. पण मुलांच्या वह्या तपासताना ती आता बोट ठेवून ठेवून वाचते, आणि सातवीतली हीच सोनाली सुट्टीत आली की माझ्या मुलीला गणितं समजावून सांगायची.

चारेक वर्षांपूर्वी दादा आजारी पडले. नाशिकला दवाखान्यात होते, मी रोज डबा न्यायचे. सोनाली त्यांच्या उशाशी असायची. एका सकाळी दादा एकदम म्हणाले, "मंदा, ही तुझ्याकडं राहिली असती तर आज मास्तरीण असती. हिनंच माती खाल्ली. मला त्याची आजून लाज वाटती." सोनाली त्यांच्या पायांना तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही. खोलीत आम्ही तिघंच होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी दादांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जाऊ द्या दादा, लहान होती. मी तिला केव्हाच माफ केलं."

दादांचे डोळे भरून आले. ते सोनालीला म्हणाले, "काकूच्या पाया पड." तिनं हाताचं तेल पदराला पुसलं, उठली आणि माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला.