ग्लेनिस आणि बटाट्याची पोती

ग्लेनिसच्या हातात पाना असतो, नाहीतर चहाचा मग. दोन्ही नसतील तर समजा, ती भांडतेय. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत, तेव्हा मला विचारा. बर्मिंगहॅमला आमच्या गल्लीत निम्मी माणसं मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, पण गाडीखाली शिरणारी बाई एकच.

तिचा नवरा क्लिफ गेल्या हिवाळ्यात गेला. मागे राहिली ती दोघांनी तरुणपणी घेतलेली लाल मिनी गाडी. हल्ली ती डावीकडे ओढायला लागली होती आणि एकदा फुटपाथला घासली. झालं! मुलगा डॅरन रविवारी जेवायला आला तो हात पुढे करूनच.

"आई, किल्ली दे. गाडीला धाड भरलेली नाही, तुझे हात थरथरतात."

"हात माझे, गाडी माझी, आणि समोरचं मटणही माझंच. गप गिळ."

"मग आज सरळ चालवून दाखव. नाही चालली तर किल्ली माझी."

"आणि चालली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही!"

मीही त्याच टेबलाशी जेवत होते. गाडी गेली तर ही बाई खिडकीशी बसून सुकून जाईल, हे मला लख्ख दिसत होतं.

जेवण आटोपताच तिनं चाकं सरळ आहेत का ते बघायला गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांलगत दोरी ताणली. गाडी पुढेमागे ढकलून चाकांवर नीट बसवली. मग मला म्हणाली, "बटाट्याची पोती आण." गाडी लावताना, म्हणजे तिची चाकं आणि उंची जुळवताना, चालवणाऱ्याच्या जागी त्याचं वजन लागतं, नाहीतर माप खोटं येतं. क्लिफ होता तेव्हा तो चहाचा मग घेऊन सीटवर बसायचा आणि ही खाली नट फिरवायची. आता त्याच्या जागी पोती.

शेवटचं पोतं ठेवताना मी वैतागले. "अगं, कंबर मोडली माझी! तू एवढीशी, फुंकर मारली तर उडशील. एवढी पोती कुणासाठी?"

ती उकिडवी बसली होती, तिनं बसल्याबसल्याच पोती मोजली. क्लिफ म्हणजे आडवातिडवा गडी. त्याच्या भारानं गाडी उजवीकडे दबायची, म्हणून ती बाजू हिनंच नट आवळून उंच करून ठेवली होती. तो गेल्यावरही ही दर वेळी त्याच्याच वजनाची पोती ठेवायची, सवयीनं. मग हिच्याखाली गाडी डावीकडे कलणार नाही तर काय!

"मेलास ना तू?" ती एकदम पोत्यांवर ओरडली. "मग ऊठ की माझ्या जागेवरून!"

तिनं पोती ओढून रस्त्यावर टाकली. बटाटे घरंगळत गेले. ती रडतही होती आणि शिव्याही देत होती, आणि मला ते बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नाक पुसून ती सीटवर चढून बसली.

"डॅरन, खाली शीर."

"मी? या शर्टात?"

"मी नव्या फ्रॉकात शिरलेय. उजवीकडचा नट. सैल कर. अजून. कण्हू नकोस, फिरव."

तो फिरवत होता, ही वरून हुकूम सोडत होती. गाडी दोन्ही बाजूंनी सारखी बसली. मग चाकं पुन्हा दोरीला लावून घेतली. डॅरन बाहेर आला तेव्हा शर्टाचं पोतेरं झालं होतं.

बंद कारखान्यामागे सरळ, ओसाड रस्ता आहे. डॅरन आणि मी कडेला उभे राहिलो. ग्लेनिस एकटीच गाडी घेऊन लांब गेली आणि वळून आमच्याकडे यायला लागली. मध्येच तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून काचेपाशी धरले. हात थरथरत होते, चांगले दिसण्याइतके. गाडी मात्र रेघ मारल्यासारखी सरळ आली.

डॅरन आईच्या हातांकडे बघत राहिला. मग दाराशी जाऊन हळूच म्हणाला, "सरक आई, दमलीस. घरी मी नेतो."

"चालत ये," ग्लेनिस म्हणाली. "ही तुझ्या वजनाला लावलेली नाही."