बंदूकबंदीचा ठराव, सर्वानुमते

माझी लेक अमेरिकेत राहते. तिच्या गावात एकाने भरबाजारात गोळीबार करून माणसं मारली. बंदुकांचा कायदा बदलावा की नाही, यावर तिकडे काय ठरलं ते मला माहीत नाही. आमच्या ग्रामसभेत मात्र हा विषय पाण्याची पाइपलाइन आणि स्मशानभूमीची शेड यांच्या मध्ये निघाला आणि पंधरा मिनिटांत निकालात निघाला.

निघाला तो माझ्यामुळे. गोळीबारानंतर जावयांनी घरात पिस्तूल आणायचं मनावर घेतलं होतं. घरात पाच वर्षांची नात. लेक फोनवर रडली, म्हणाली, बाबा, माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगून बघा. मी सांगितलं. जावई अदबीने म्हणाले, "पण बाबा, तुमच्याकडे आहे की."

आहे. वडिलांच्या पश्चात परवान्यासकट माझ्या नावावर झालेली बारा बोअरची बंदूक. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर घरी आणायची. जन्मभर मास्तरकी केली, बंदूक एकदाही उडवली नाही. जावयांना गप्प करायचं तर आधी आपली कायमची सरकारजमा करावी असं मी ठरवलं, आणि ते चहाच्या टपरीवर बोलून बसलो. तिथेच चुकलं.

कारण उसात बिबट्या, आणि गावात बंदूक एकच. माझ्या शेजाऱ्याने नुकतीच घोडेगावच्या बाजारातून गाय आणलेली. तो ग्रामसभेत उभा राहिला आणि आधी अमेरिकेवर फार पोटतिडकीने बोलला. लेकराबाळांच्या देशात बंदुका पाहिजेत कशाला, सगळ्या गोळा करा म्हणाला. ठराव झाला. सूचक तोच, सर्वानुमते मंजूर. ग्रामसेवकांनी विचारलं, प्रत कुठे पाठवू? पंचायत समितीला पाठवा, पुढचं ते बघतील, असं ठरलं. त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही.

लगेच दुसरा ठराव आला: गुरुजींची बंदूक गावाबाहेर जाऊ नये. सूचक पुन्हा तोच. मी चिडलो. म्हटलं, अहो, काडतुसं वडिलांच्या वेळची, सर्दावलेली, ती उडायचीसुद्धा नाही. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, ते तुमाला ठाव हाय. बिबट्याला कुठं ठाव हाय?"

सभेला हे पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. मी हात वर केला नव्हता, तरी हाही ठराव सर्वानुमतेच लिहिला गेला.

मी तो मोडला. बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात गेलो, तर हवालदार म्हणाले, निवडणूक कुठे लागलीय? कायमची द्यायचीय म्हटल्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि घरी काही भांडण आहे का, असं हळूच विचारलं. तिसऱ्या खेपेला एकदाची पावती मिळाली. घरी येताना मी स्वतःवर भलताच खूश होतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी पावती जावयांसमोर धरली. त्यांनी हात जोडले, मानलं तुम्हाला बाबा म्हणाले, आणि लेकीला मदत करायला स्वयंपाकघरात गेले. फोन नातीकडे आला. ती तो घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि तोंड अगदी जवळ आणून कुजबुजली, "आजोबा, बाबांनी पण आणली. कपाटात, टॉवेलखाली. आईला नाही सांगायचं."

तू हात लावलास का, असं मी विचारलं.

"एकदाच," ती म्हणाली. "जड आहे."

आईला बोलाव म्हणून मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की पोरीने घाबरून फोन बंद केला. मी पुन्हा लावला. नुसती रिंग वाजत राहिली.