डिकीतली साडी आणि माझ्या मावश्या

आमची सून चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या स्क्रीन बनवते. स्टिअरिंगशेजारच्या, गाणी आणि नकाशावाल्या. तिच्या टीमची स्क्रीन असलेली गाडी बाजारात आली आणि लगेच आमच्या दारातही आली. या स्क्रीनला फोन जोडता येत नाही. सगळं कंपनीचं स्वतःचं.

"आई, या गाडीत फोनचा नकाशा लावायचा नाही हं," सुनेने पहिल्याच दिवशी बजावलं.

मी कोणत्या तोंडाने हसू? तरुणपणी मी याहून येडी होते. आमचे हे स्कूटरच्या कारखान्यात. एकदा लग्नाला निघालो आणि दिघीच्या अलीकडे आमची स्कूटर बंद पडली. मागून शेजारी आले. "वहिनी, बसा, सोडतो." पण त्यांची स्कूटर दुसऱ्या कंपनीची! मग या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, नाक मुरडलं आणि भरजरी शालूत स्कूटर ढकलत निघाल्या. पोचलो तेव्हा आचारी पातेली घासत होते.

तर परवा भाच्याचा साखरपुडा होता, चाकणच्या पुढे. नवरीची साडी आमच्या डिकीत, कारण ब्लाउज शिवून आणायचं काम मी हौसेने अंगावर घेतलेलं. सून गाडी चालवत होती, मी मागे. मोशी ओलांडली आणि कंटेनरच्या रांगेत अडकलो. स्क्रीन निवांत सांगत होती, सरळ जा.

भावजयीचा फोन आला. "वन्सं, आहात कुठं? भटजी घाई करतायत आणि नवरी ड्रेसवर बसलीय!"

"सुटेल आता," सून म्हणाली. कान मात्र लाल झालेले.

मी फोन पदराखाली घेतला, आवाज बंद केला आणि नकाशा उघडला. निळी रेघ फाट्यावरून आत वळत होती.

"अगं, उजवीकडं घे. आत माझी मावशी राहायची."

वळली बिचारी.

"देवळापाशी डावीकडं. तिथं धाकटी मावशी."

वीटभट्टीपाशी चुलत मावशी निघाली, पुलापाशी आणखी एक. माझ्या आईला एकही बहीण नव्हती.

पोचलो तेव्हा भटजी नवरीला पाटावर बोलवतच होते. साडी आत गेली, मी पेढा तोंडात टाकला.

निघताना मी सवयीने मागचं दार उघडलं. सुनेने पुढच्या सीटवरची पर्स उचलली.

"आई, मावश्यांना घेऊन पुढे बसा. मघाशी आरशातून तुमचा नकाशा वाचताना माझी मान अवघडली."